शब्दकोडं सुप्रीम कोर्टात गेलं त्याची गोष्ट

शब्दकोडं किती अवघड असावं, हा प्रश्न आपल्या देशाच्या सुप्रीम कोर्टात जाऊन आलेला आहे. थट्टा नाही. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या खंडपीठाने या विषयावर निकाल दिला आणि त्यातला एक पक्षकार होता तेव्हाचं आपलं मुंबई राज्य. त्या निकालाची सावली पुढे रमी, घोड्यांच्या शर्यती, मोबाईलवरचं फँटसी क्रिकेट असं करत करत थेट ऑगस्ट २०२५ पर्यंत येऊन पोहोचली. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

रोज कोडी सोडवणाऱ्यांमध्ये दोन पार्ट्या असतात. एक म्हणते, कोडं कसं, चहा संपेपर्यंत सुटलं पाहिजे. दुसरी म्हणते, डोक्याला घाम फुटला नाही तर त्याला कोडं कशाला म्हणायचं? मी स्वतः दुसऱ्या पार्टीतला. पण या वादाचा इतिहास वाचत गेलो तसं माझं मत पक्कं होत गेलं की भांडण मुळात अवघड-सोप्याचं नाहीच. ते वेगळ्याच गोष्टीचं आहे. कोणत्या, ते पुढे येईलच.

सुरुवात अमेरिकेपासून करू. २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पेपरच्या रविवार पुरवणीत आर्थर विन या लिव्हरपूलहून आलेल्या संपादकाने शंकरपाळ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं. नाव दिलं ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांत छपाईत शब्दांची उलटापालट झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ झालं, ते कायमचं. १९२४ मध्ये सायमन आणि शूस्टर या दोघांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत पेन्सिल जोडलेली. लोक अक्षरशः वेडे झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षी या वेडावर नाक मुरडून लिहिलं. पण पुढे पर्ल हार्बर झालं, युद्ध आलं, लोकांना विरंगुळा हवा होता, आणि १५ फेब्रुवारी १९४२ पासून त्याच टाइम्सने स्वतः कोडं सुरू केलं. आज त्यांच्याकडे सोमवारचं कोडं सगळ्यात सोपं आणि शनिवारचं सगळ्यात अवघड असतं. म्हणजे अवघड किती, या भांडणावर अमेरिकेने वार वाटून तोडगा काढला. ज्याला जो झेपेल तो त्याने घ्यावा.

इंग्लंडमध्ये प्रकरण वेगळं झालं. तिथे कोड्याच्या सूचनेत सरळ अर्थ देण्याऐवजी शब्दांशी खेळ करायची पद्धत रुजली. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमादा’ या टोपणनावाने कोडी येऊ लागली. टॉर्केमादा म्हणजे स्पेनमधल्या धर्मचौकशीचा कुप्रसिद्ध प्रमुख. नावातच हेतू कळतो! नावामागचा माणूस होता एडवर्ड पॉइस मॅथर्स. याच गृहस्थाने आपल्या बिल्हण कवीच्या ‘चौरपंचाशिके’चं इंग्रजी रूपांतर केलंय. तोच बिल्हण, जो कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी होता. तर मॅथर्सची कोडी इतकी आडवळणाची असत की त्यांचा दबदबा आजही आहे.

१९३९ मध्ये मॅथर्स गेले आणि ती जागा डेरिक मॅकनट या शाळामास्तरांनी घेतली. त्यांनी टोपणनाव घेतलं ‘झिमेनेस’, तोही स्पेनमधला धर्मचौकशीवालाच. कोडी त्यांचीही भयंकर अवघड. पण त्यांनी एक नियम घालून दिला आणि १९६६ च्या पुस्तकात तो नीट मांडला. सूचनेत उत्तराचा अर्थ हवा, उत्तराकडे नेणारा प्रामाणिक शब्दखेळ हवा आणि या दोन्हींपलीकडे काहीही नको. कोडं रचणाऱ्याने फसवावं, पण खोटं बोलू नये. अवघड कितीही करा, पण उत्तर सापडल्यावर ते ‘हेच’ आहे हे सोडवणाऱ्याला स्वतःला पटलं पाहिजे.

हे मराठीत कसं दिसेल? मी रचलेलं एक साधं कोडं देतो. ‘नदी उलटी फिरली की गरीब’, दोन अक्षरं. नदी उलट वाचा: दीन. दीन म्हणजे गरीब. संपलं. आता इथे दुसरं उत्तर बसूच शकत नाही, आणि बरोबर आलंय का हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. वाल्याच्या ‘मरा मरा’तून ‘राम’ निघतो ही गोष्ट ज्या भाषेत आजी नातवंडांना सांगते, त्या भाषेला हा खेळ परका नाही.

या प्रामाणिक अवघडपणाची एक मोठी परीक्षा युद्धकाळात झाली. ‘डेली टेलिग्राफ’च्या वाचकांची तक्रार सुरू होती की तुमची कोडी फार सोपी झालीत, आम्ही काही मिनिटांत संपवतो. तेव्हा एक्सेंट्रिक क्लबच्या अध्यक्षांनी पैज लावली. बारा मिनिटांच्या आत कुणी सोडवून दाखवलं तर सुरुंग काढणाऱ्या जहाजांवरच्या लोकांच्या निधीला मी १०० पौंड देईन. जानेवारी १९४२ मध्ये फ्लीट स्ट्रीटवरच्या पेपरच्या कचेरीत टेबलं मांडून स्पर्धा झाली. काही जणांनी वेळेत संपवलं. सगळ्यात आधी संपवणाऱ्याचं मात्र एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं आणि तो बाद झाला. दुसऱ्या एकाचा एकच शब्द राहिला होता. पुढे त्याला आणि आणखी काहींना युद्धखात्याचं पत्र आलं. कशासाठी? ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडायच्या कामासाठी.

स्पेलिंग चुकल्यावरून तो पहिला आलेला माणूस बाद झाला आणि त्यात कुणाला अन्याय वाटण्याचं कारण नव्हतं, कारण शब्दकोश सगळ्यांच्या घरी एकच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता पैसा येतोय.

पेपरवाल्यांच्या लवकरच लक्षात आलं की कोड्याला बक्षीस लावलं आणि प्रवेश फी ठेवली की कूपनांचा पाऊस पडतो. पण मग धंद्याचं एक गणित उभं राहतं. कोडं खरोखर सोपं ठेवलं तर हजारो उत्तरं बरोबर येणार आणि बक्षीस वाटून वाटून चिल्लर उरणार. कोडं खरोखर अवघड ठेवलं तर लोक भाग घेणार नाहीत, फी बुडाली. मग भाग घेणारे हजारो आणि जिंकणारे एक-दोन, हे कसं जमवायचं?

उपाय एकच: कोडं दिसायला सोपं ठेवायचं आणि उत्तर संदिग्ध ठेवायचं.

पुन्हा मराठीच उदाहरण रचतो. सूचना: ‘संकटात माणसाला हाच कामी येतो.’ दोन अक्षरं, दुसरं अक्षर ‘त्र’ दिलेलं आहे. मित्र? पुत्र? मंत्र? तिन्ही बसतात. मित्र म्हणणारा चूक नाही, पुत्र म्हणणारा चूक नाही, आणि एखादा भाविक मंत्र म्हणाला तर त्यालाही कोण चूक म्हणणार? ‘बरोबर’ उत्तर आयोजकांनी आधीच ठरवून पाकिटात सील करून ठेवलेलं असतं. मराठीत तर अशा संदिग्ध कोड्यांना रानच मोकळं आहे. आपण चौकोनात एकेक सुटं अक्षर न भरता मात्रा-जोडाक्षरासकट आख्खं अक्षर भरतो, त्यामुळे दोन-तीन चौकोनी शब्द ढिगाने मिळतात. नुसत्या ‘त्र’वर संपणारे आठवा: पत्र, पात्र, चित्र, सूत्र, नेत्र, गोत्र, छत्र, रात्र...

आता हिशोब करू. अशा दहा सूचना आणि प्रत्येकीला दोन-दोन सारखेच योग्य शब्द, तर एकूण १०२४ वेगवेगळी उत्तरं तयार होतात. प्रत्येकीला तीन-तीन शब्द असतील तर ५९,०४९. समजा एका कूपनला चार आणे लागतात. दोन-दोन शब्दांच्या कोड्यात बक्षिसाची खात्री हवी असेल तर १०२४ कूपनं, म्हणजे २५६ रुपये घालावे लागणार. पन्नाशीच्या दशकात! भाषेचा पंडित असो नाहीतर चौथी पास, दोघांची संधी सारखीच. आणि गंमत म्हणजे हरलेल्या प्रत्येकाला वाटतं, ‘अरेरे, दोनच शब्द चुकले, पुढच्या आठवड्यात नक्की.’ लॉटरीत हरलेला नशिबाला दोष देतो. इथे हरलेला स्वतःच्या बुद्धीला दोष देतो आणि म्हणून पुन्हा पैसे भरतो.

इंग्लंडच्या कोर्टाने हे आधीच ओळखलं होतं. एका साप्ताहिकाच्या शब्दकोडे स्पर्धेच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी अशा स्पर्धेची तुलना लपवून ठेवलेल्या निशाणावर आंधळेपणाने गोळ्या झाडण्याशी केली आणि तिला बेकायदा लॉटरी ठरवलं. नेम कितीही चांगला असो, निशाण दिसतच नसेल तर नेमाचा उपयोग काय?

आता आपल्याकडे येऊ. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर आणणारा कायदा केला. पण पळवाट राहिली. पेपर राज्याबाहेर छापला तर? बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक निघायचं, त्यातून ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ ही बक्षीस स्पर्धा चालायची आणि मुंबई राज्यात तिचा मोठा खप होता. म्हणून १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बाहेर छापलेल्या पेपरांनाही त्यात आणलं. कंपनीचे संस्थापक चमारबागवाला लगेच मुंबई हायकोर्टात गेले. म्हणणं असं: हा आमचा व्यवसाय आहे, व्यवसायाचं स्वातंत्र्य हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे आणि राज्याराज्यांमधला व्यापारही घटनेने मुक्त ठेवलाय. हायकोर्टात कंपनी जिंकली. राज्य सरकार अपिलात दिल्लीला गेलं.

दरम्यान मुंबईसह अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती केली आणि १९५५ मध्ये देशपातळीवरचा बक्षीस स्पर्धा कायदा आला. अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवण्याच्या कोड्यांना बक्षीस लावायचं असेल तर महिन्याला एकूण १००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नको आणि एका स्पर्धेला २००० पेक्षा जास्त प्रवेशिका नकोत. सरकारने शब्दकोड्यावर रेशनिंग लावलं म्हणा ना! त्यालाही आव्हान दिलं गेलं.

दोन्ही प्रकरणांचे निकाल एकाच दिवशी, ९ एप्रिल १९५७ ला लागले. मुंबईच्या प्रकरणात सरन्यायाधीश दास यांनी थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापापासून सुरुवात करून महाभारतातलं द्यूत, मनू, याज्ञवल्क्य असा सगळा आढावा घेतला. निष्कर्ष असा की जुगार हा व्यापार नव्हेच, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचं कवच त्याला मिळत नाही. आणि ज्या बक्षीस स्पर्धेतलं यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही, ती स्पर्धा म्हणजे जुगारच. सरकार जिंकलं.

पण दुसऱ्या निकालात, जो न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिला, नाण्याची दुसरी बाजू आली. १००० रुपयांची आणि २००० प्रवेशिकांची मर्यादा फक्त नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे. जिथे यश खरोखर बुद्धीवर अवलंबून आहे, त्या स्पर्धा या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. तो व्यवसायच, आणि त्याला घटनेचं संरक्षण आहे.

जरा थांबून याचा अर्थ बघा. कोडं पुरेसं अवघड आणि ते अवघडपण बुद्धीला भिडणारं असेल तर मूलभूत हक्क. अवघडपण नुसतं अंदाजपंचे असेल तर जुगार. मॅकनट मास्तर आपल्या पुस्तकात कोड्याच्या प्रामाणिकपणाचे नियम मांडणार होते ते १९६६ मध्ये. आपल्या न्यायाधीशांनी त्याच्या नऊ वर्षं आधी, पूर्ण वेगळ्या वाटेने येऊन, जवळपास तीच रेघ ओढली. एकाला खेळाची चाड होती, दुसऱ्यांना लोकांच्या खिशाची काळजी होती.

ही रेघ मग फार लांब गेली. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींनाही तेच प्रमाणपत्र मिळालं, आणि तिथे १९५७ चे हेच निकाल आधाराला होते. नंतर मोबाईल आला. फँटसी क्रिकेटच्या कंपन्यांनी हीच रेघ दाखवली आणि मुंबई हायकोर्टासह काही कोर्टांनी ती मान्य केली. ‘स्किल’ हा शब्द जाहिरातींमध्ये इतका घासला गेला की त्याचा अर्थच निघून गेला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा करून सांगितलं की पैसे लावून खेळायचा ऑनलाईन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. त्याला कोर्टात आव्हानंही दिली गेली. पण अडुसष्ट वर्षं ज्या रेघेवर भांडणं झाली, ती निदान पैशांच्या ऑनलाईन खेळांपुरती संसदेने पुसून टाकली.

मला विचाराल तर रेघ चुकीची नव्हती. चूक झाली ती रेघेचा निम्माच भाग वापरण्यात. ‘यात कौशल्य आहे का?’ एवढंच विचारत राहिलो. रमीत आहे, क्रिकेटचा संघ निवडण्यातही थोडंफार आहे. पण १९५० च्या कोड्यांनी शिकवलेला धडा याहून मोठा होता. खेळ जितका अवघड दिसतो तितकाच तो आहे का? की सोपा दाखवून आत ओढलं आणि आत गेल्यावर दार बंद? टॉर्केमादाचं कोडं बघूनच निम्मे लोक पेपर मिटायचे, त्यात कुणाचं घर बुडालं नाही. मला धास्ती वाटते ती सोप्या दिसणाऱ्या कोड्याची.

आणि हे फक्त जुगारापुरतं नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्रंदिवस बसणाऱ्या पोरापोरींना विचारा. पेपर अवघड आला तर ती तक्रार करत नाहीत. अवघड सगळ्यांनाच आला, म्हणतात. त्यांचा जीव तुटतो तो ज्या प्रश्नाला दोन पर्याय बरोबर वाटतात त्या प्रश्नावर. मग पहिली उत्तरतालिका येते, हरकती जातात, अंतिम तालिका येते, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्नच रद्द होतात. एका-एका मार्काने जिथे यादीत नाव लागतं किंवा जातं, तिथे संदिग्ध प्रश्न म्हणजे सीलबंद पाकिटातलं ‘मित्र की पुत्र’ झालं. वर उत्तर चुकलं की मार्क कापले जातात ते वेगळेच. परीक्षा हवी तितकी कठीण करा, पण प्रश्न काढणाऱ्याने मॅकनट मास्तरांचा नियम टेबलावर लिहून ठेवावा.

म्हणून कोडं असो, स्पर्धा असो की परीक्षा, मी एकच कसोटी लावतो. उत्तर कळल्यावर तोंडातून काय निघतं? ‘अरे हो, हे कसं सुचलं नाही!’ असं निघालं तर कोडं अवघड होतं, पण खरं होतं. ‘हो, हेही असू शकतं’ असं निघालं तर ते कोडं नव्हतंच, मग त्यावर बक्षीस कितीही मोठं असो.

तुमच्या घरात आजी-आजोबांपैकी कुणी बक्षिसाची कोडी भरत असेल, जुनी कूपनं किंवा कात्रणं असतील, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. या विषयावर मराठीत बरंच लिहायचं बाकी आहे.

आणि जाता जाता एक कोडं. ‘लता उलटी फिरली की ठेका’, दोन अक्षरं. उत्तर मी सांगणार नाही. सापडलं की बरोबर आहे का ते विचारायचीही गरज पडणार नाही.